घरी कमोड असल्याचा पुरावा जोडावा

प्रिय ईरा आणि निखिल,

परवा तुमच्याशी बोलता बोलता मी फोन ठेवून दिला, ते तुम्हाला लागलं असेल. राग तुमच्यावर नव्हता. मी गुडघ्याचा एक्स-रे काढून नुकतीच घरी आले होते. तिथल्या काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे धड बघितलंही नव्हतं आणि विचारलं, "आजी, ऑपरेशन मंगळवारी ठेवू की गुरुवारी?" हे मी तुम्हाला सांगितलं. ईरा म्हणाली, "सो इझी, आजी! इकडे लोक किती थांबतात माहितीये?" आणि निखिल म्हणाला, "पण इकडची लिस्ट फेअर असते. ज्याला जास्त गरज, त्याचा नंबर आधी."

'फेअर' हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. अशी एक फेअर लिस्ट मी नाशिकमध्ये जवळून पाहिली आहे. तिचं काय झालं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही लहान होतात, आणि गोष्ट संडासाची आहे. आता तुम्ही मोठे झालात. ऐका.

गुरुवारची मीटिंग चालली होती. आमचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर पाठकसाहेब यांनी लाल पेनने एका नावावर आडवी रेघ मारली आणि ते पुढचं नाव वाचायला लागले.

"थांबा," मी म्हणाले. "जैनबीचं नाव का कापलं?"

"कमोड नाही."

"अहो, पण तिचा नंबर पहिला आहे."

"होता. कमोड नाही. पुढे जाऊ या?"

पुढचं नाव देसलेसाहेबांचं होतं. इंदिरानगरमध्ये आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. निवृत्त अधिकारी. रोज सकाळी काठी घेऊन फिरायला जायचे. त्यांच्या घरी दोन कमोड होते.

आता थोडं मागे जाते, म्हणजे गोंधळ होणार नाही.

तुमची आजी फिजिओथेरपिस्ट होती, एवढं तुम्हाला माहीत आहे. सर्जन सांधा बसवतो. त्या सांध्यावर माणसाला उभं करणं हे माझं काम. गुडघ्यात हाडांची टोकं झिजून एकमेकांवर घासायला लागली की ती टोकं कापतात, त्यांवर धातूच्या टोप्या चढवतात आणि मध्ये प्लॅस्टिकची चकती ठेवतात. याला जॉइंट रिप्लेसमेंट म्हणतात. बसवायच्या त्या वस्तूला इम्प्लांट.

ही २००० सालानंतरची वर्षं. खाजगी हॉस्पिटलांत गुडघे बदलले जात होते, पण ते साध्या माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. आमचं हॉस्पिटल ट्रस्टचं. एका देणगीदाराने इम्प्लांट द्यायचं कबूल केलं आणि मुंबईचे डॉ. लाड महिन्यातून एकदा यायला तयार झाले. शनिवारी सकाळी येत, रविवारपर्यंत ऑपरेशनं करत आणि परत जात. त्याला आम्ही कॅम्प म्हणायचो. दर कॅम्पला गुडघे मोजकेच. आणि दारात निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवला, चहूकडून आलेली माणसं. म्हणून लिस्ट.

लिस्ट लावायची पद्धत डॉ. लाडांनी ठरवून दिली होती आणि ती चांगली होती, हे मी आजही म्हणेन. आधी येईल त्याला आधी, असं नाही. गुडघा किती वाकडा झालाय, दुखण्याने रात्री झोप उडते का, आणि रोजच्या कोणत्या कामाला दुसऱ्याचा हात लागतो, हे बघायचं. तपासून मार्क मी द्यायचे. जास्त मार्क, वरचा नंबर. या परीक्षेत पहिलं येण्याची कुणाला हौस नसते.

जैनबी पहिली आली होती.

ती विंचूरची. ओपीडीत आली ती मुलाच्या, रफीकच्या, पाठीवर बसून. मागे सून शबाना, हातात पिशवी आणि सासूची एकच रबरी चप्पल. मला वाटलं दुसरी रस्त्यात पडली.

मी पहिला प्रश्न विचारला. "चालताना दुखतं का?"

"नाय," जैनबी म्हणाली.

"अम्मी, सच बोल ना!" रफीक ओरडला.

"तू चुप बैठ. सचच बोलते मी. बाई, चालतच नाय तर दुखंल कसं?"

आणि स्वतःच हसली. मला हसू आलं नाही. फॉर्म असा होता की चालताना दुखतं त्याला मार्क, आणि जिचं चालणंच संपलं तिला शून्य. मी तो प्रश्न खोडला आणि तिला पूर्ण मार्क दिले.

"मग घरात कशा फिरता?"

तिने सुनेकडून ती चप्पल घेतली आणि उजव्या हातात घातली. जमिनीवर बसायचं, चप्पल घातलेला हात टेकायचा आणि अंग पुढे ओढायचं. "अशी. लय फास्ट जाते मी. ह्या शबानाच्या आधी चुलीपाशी पोचते."

शबाना म्हणाली, "हां, आणि मग मलाच म्हणते, उठली नाय का अजून!"

विंचूरला कांद्याच्या व्यापाऱ्यांची खळी आहेत. तिथे बायका दिवसभर उकिडव्या बसून कांदा निवडतात. मोठा वेगळा, बारीक वेगळा, सडका वेगळा. जैनबीने लग्न होऊन आल्यापासून हेच केलं होतं. नवरा लवकर गेला. मुलाला त्या बसण्यावर वाढवलं. दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला कमानीसारखे वाकले होते आणि सरळ होत नव्हते.

रफीक केसपेपर आणायला गेला, तेव्हा शबानाने आवाज खाली केला. त्यांच्या वस्तीत संडास कुणाकडेच नव्हता. बायका पहाटे अंधारात शेताच्या बांधाकडे जायच्या. जैनबीला शबाना आणि शेजारीण दोघी उचलून न्यायच्या आणि दोन्हीकडून धरून ठेवायच्या. म्हणून जैनबीने दुपारनंतर जेवण सोडलं होतं. पाणीसुद्धा ओठ ओले करण्यापुरतं.

"बारा महिने रोजे चालू हायत का तुमचे, असं विचारते मी यांना," शबाना म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"पोरींना उगं तरास," जैनबी म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, मला काय नाचायचं नाय. मला येकटीला जायचंय."

मी त्या दिवशी घरी येऊन जेवले नाही, असं लिहिलं तर खोटं होईल. जेवले. पण तिचं नाव लिस्टवर सगळ्यात वर घातलं.

आणि मग तो नियम आला.

सुरुवातीच्या कॅम्पमधला एक पेशंट घरी गेल्यावर उकिडवा बसला, उठताना पडला आणि इम्प्लांटजवळचं हाड मोडलं. त्या काळी बसवायचे ते गुडघे पूर्ण दुमडून बसण्यासाठी नव्हतेच. डॉ. लाड संतापले. "मी गुडघे बसवतो ते लोकांनी उकिडवं बसून मोडायला नाही. घरी कमोड नसेल तो पेशंट मला देऊ नका." त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. ते मुंबईला निघून गेले. मागे राहिले पाठकसाहेब.

पाठकसाहेब बँकेतून आमच्याकडे आले होते. कागद नाही तर कर्ज नाही, ही त्यांची तीस वर्षांची सवय. त्यांनी फॉर्मवर एक ओळ छापून घेतली. 'घरी कमोड असल्याचा पुरावा (फोटो) जोडावा.' फोटो नाही, नाव कट.

फोटो यायला लागले. पाठकसाहेब प्रत्येक फोटोच्या मागे 'तपासले' असा शिक्का मारायचे आणि फाइलला लावायचे. फाइल माझ्याकडे यायची. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये द्राक्षं भरणाऱ्या बाईचा फोटो मी पाहिला. फिकट हिरव्या टाइल्स, भिंतीला खिळ्यावर लाल मग, मगाचा कान तुटलेला. नंतर चांदवडकडच्या एका म्हाताऱ्याचा आला. फिकट हिरव्या टाइल्स. कान तुटलेला लाल मग. मग निफाडच्या एका आजीचा. फक्त मग या वेळी टाकीवर ठेवला होता. फोटोग्राफरला बदल हवा असेल.

बस स्टँडजवळच्या एका लॉजचा तो कमोड होता. पेशंटचे नातेवाईक तिथे उतरायचे. मॅनेजर दार उघडून द्यायचा, कोपऱ्यावरचा फोटोवाला येऊन फोटो काढायचा. अर्धा निफाड तालुका त्या एका कमोडवर बसला होता आणि पाठकसाहेबांनी तो दर वेळी नव्याने तपासला होता. ते फोटोकडे बघतच नव्हते. फोटो आहे का, एवढंच बघत होते.

मी गप्प बसले. का, ते पुढे सांगते.

रफीकलाही लॉजचा रस्ता कुणीतरी दाखवला होता. तो तयार होता. जैनबी अडून बसली. "दुसऱ्याच्या संडासावर माझं नाव? शरम नाय वाटत?" रफीकने डोकं धरलं. "अम्मी, सब लोग करते हैं!" "सबको करने दे." पाठकसाहेबांनी विचारलं, "घरी कमोड आहे का?" तिने सरळ सांगितलं, "नाय साहेब. आमच्या वस्तीत कुणाकडंच नाय." खरं बोलली आणि लाल रेघ मिळाली.

आता परत त्या गुरुवारी.

"पाठकसाहेब," मी म्हणाले, "या बाईला शेतात न्यायला दोन माणसं लागतात. तिला ऑपरेशन हवंय ते याच कारणासाठी."

"म्हणूनच तर! ऑपरेशननंतर शेतातच जाणार ना? उद्या गुडघा मोडला की देणगीदार मला विचारणार."

"म्हणजे जिच्याकडे संडास नाही म्हणून हाल आहेत, तिला संडास नाही म्हणून आपण ऑपरेशन देणार नाही."

"मॅडम, नियम सगळ्यांना सारखा आहे."

"हो ना. नदी सगळ्यांना सारखीच असते. ज्याला पोहता येत नाही तो बुडतो."

"तुम्ही भावनिक होताय."

"मी भावनिक नाही. मी चिडले आहे. त्यात फरक असतो."

ते हसले. बायका चिडल्या की काही पुरुष जे हसतात, ते. त्या फाइल्स त्यांच्यापुढेच होत्या. मला फक्त तीन फोटो टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचे होते. त्यांचा नियम तिथल्या तिथे उघडा पडला असता. हात फाइलकडे गेलासुद्धा. पण पुढे काय झालं असतं ते मला दिसत होतं. पाठकसाहेबांनी नियम कापला नसता, ती तीन नावं कापली असती. पॅकहाउसची बाई, चांदवडचा म्हातारा, निफाडची आजी. त्यांचे गुडघे काही लॉजमधून भाड्याने आणलेले नव्हते. मी हात मागे घेतला आणि मीटिंग संपवून खाली आले. डिपार्टमेंटमध्ये देसलेसाहेब बसले होते.

"मॅडम, माझा नंबर लागला म्हणे! तसं मला अजून चालता येतं. पण म्हटलं, मुलाकडे बंगलोरला जायचंय, त्याआधी उरकून टाकू."

"छान," मी म्हणाले. ते सज्जन गृहस्थ होते. त्यांचा दोष एवढाच की त्यांना नळ, कमोड आणि नंबर ही एकाच प्रकारची सोय वाटत होती.

रविवारी मी येवल्याची एसटी पकडून विंचूरला गेले. तुमचे आजोबा म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी तुला पेशंटच्या घरचा संडास बघायला जायचंय?" मी म्हणाले, "नाहीये तो. तेच बघायला जातेय."

मार्केटच्या मागे वस्ती होती. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, पुढे अंगण. मी पाण्याचा ग्लास घ्यायच्या आधी अंगणाचा मागचा कोपरा बघितला. भिंतीचा आडोसा होता, जमीन कडक होती. मी रफीकला समजावलं. गुडघ्याला चिनी मातीची गरज नसते. गुडघ्याला उंची लागते. बसल्यावर ढुंगण गुडघ्यापेक्षा खाली जायला नको, आणि उठताना दोन्ही हातांना धरायला काहीतरी हवं. हातांची प्लॅस्टिकची खुर्ची घे. बैठकीला भोक पाड. खाली खड्डा कर. झालं.

रफीक टेम्पो चालवायचा. एका तासात खुर्ची घेऊन आला. सळई चुलीत तापवली आणि बैठक कापायला बसला. वस्ती गोळा झाली. प्लॅस्टिकचा घाणेरडा वास सुटला. रफीकने भोक असं पाडलं की बैठकीला फक्त कड उरली.

जैनबी ओट्यावरून बघत होती. "अरे रफीक, ह्याच्यातून मी पुरी खाली जाईन! मला बसवतोस का पुरतोस?"

सगळे हसले. रफीक चिडून दुसरी खुर्ची आणायला गेला. या वेळी शबानाने चुन्याने आधी गोल काढून दिला. खुर्चीचे पाय मातीत फाकत होते, म्हणून ते एका फळीला बांधले. चार बांबू रोवले, त्याला कांद्याचं बारदान गुंडाळलं, म्हणजे आडोसा झाला. खड्ड्यात टाकायला चुलीची राख बादलीत भरून ठेवली. शेजारची म्हातारी म्हणाली, "जैनबी, सिंहासन आलं गं तुझं!" आणि आधी स्वतःच आत जाऊन बसून आली. "लय बेस हाय. आम्हालाबी येऊ दे कधीमधी."

"तिकीट लावीन," जैनबी म्हणाली.

तिला आम्ही खुर्चीवर बसवलं. मी शबानाला व्यायाम शिकवला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, आणि तो खाली दाबायचा. मांडीचा स्नायू जागा झाला नाही, तर नवा गुडघा नुसता दागिना. मग विंचूरचा फोटोवाला बोलावला. खुर्ची, बारदान, राखेची बादली आणि बाजूला ताठ मानेने बसलेली जैनबी. लिस्टवरच्या सगळ्या फोटोंमध्ये पेशंटचं स्वतःचं घर दिसतं असा हा एकच फोटो असावा.

सोमवारी मी तो पाठकसाहेबांपुढे ठेवला.

"हे काय?"

"पुरावा."

त्यांनी चष्मा काढून फोटो जवळ नेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक फोटो नीट बघितला. "मॅडम, ही खुर्ची आहे. भोक पाडलेली."

"कमोड म्हणजे दुसरं काय असतं?"

"फॉर्मवर कमोड लिहिलंय. खुर्ची लिहिलेलं नाही." आणि फोटो माझ्याकडे सरकवला. शिक्का उचललाही नाही.

मला वाटलं, हा माणूस आता टेबलासकट उचलून बारदानात घालावा. मी "ठीक आहे" म्हणाले आणि शनिवारची वाट बघितली.

शनिवारी सकाळी डॉ. लाड ऑपरेशन थिएटरबाहेरच्या खोलीत पोहे खात होते. मी जैनबीची फाइल घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं. एक्स-रे खिडकीला धरला.

"माय गॉड," ते म्हणाले. "ही आज आहे का?"

"नाही. हिचं नाव कापलंय. घरी कमोड नाही."

"मग बरोबर आहे." त्यांनी चमचा परत उचलला. "मॅडम, मला गुड कँडिडेट द्या. एक जरी केस बिघडली तरी इम्प्लांट बंद होतील. मग कुणालाच काही नाही."

गुड कँडिडेट म्हणजे ज्याचं ऑपरेशन चांगलं दिसेल तो पेशंट. हा शब्द मी अनेक वर्षं ऐकला आहे. त्याचा साधा अर्थ असा की ज्याचं आधीपासून बरं चाललंय तो.

"डॉक्टर, तुमचा मुद्दा उकिडवं बसण्याचा आहे ना? ही बाई कित्येक वर्षं उकिडवी बसू शकलेली नाही. तिला धरून ठेवतात. आणि आज ज्यांना तुम्ही पहिले घेताय, ते देसलेसाहेब रोज सकाळी पूजेला पाटावर मांडी घालून बसतात. कुरकुरत, पण बसतात. आमच्या मागच्या गल्लीत घंटी ऐकू येते. तुमच्या फॉर्मने त्यांना ते विचारलंच नाही. त्यांच्याकडे कमोड आहे ना!"

त्यांनी चमचा खाली ठेवला. मी विंचूरचा फोटो पुढे केला.

"ही उंची मी मोजून घेतली आहे. हातांना आधार आहे. आता मला एवढंच सांगा, गुडघ्याला कसं कळणार की खाली चिनी माती आहे की प्लॅस्टिक?"

ते हसले नाहीत. टेबलावर त्या दिवशीच्या फाइल्स होत्या. त्यांनी पॅकहाउसच्या बाईची उघडली आणि फोटो पाहिला. मग चांदवडच्या म्हाताऱ्याची. एकदा हा फोटो, एकदा तो. निफाडच्या आजीची फाइल त्यांनी उघडली आणि तिसरा फोटो त्या दोन फोटोंशेजारी धरला.

"टाइल्स चांगल्या आहेत," ते म्हणाले, आणि तिन्ही फाइल्स मिटल्या. "ही तुमची विंचूरची बाई पुढच्या कॅम्पला पहिली. पाठकांना मी सांगतो. एकच गुडघा, जो जास्त खराब आहे तो."

"दोन्ही खराब आहेत."

"मॅडम," ते म्हणाले, "लिस्टवर बाकीची माणसं आहेत ना?"

मी जैनबीची फाइल उचलली. लॉजच्या फोटोवाल्या तिघांचीही ऑपरेशनं झाली. देसलेसाहेबांचंही झालं, आणि चांगलं झालं.

पुढच्या कॅम्पला जैनबीचा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन लांबलं, कारण पाय इतका जुना वाकलेला होता. दुसऱ्या दिवशी मी तिला उभं केलं, तेव्हा तिने मला हिंदीत जे ऐकवलं ते तुम्हाला लिहून कळवण्यासारखं नाही. रफीक मान खाली घालून उभा होता. आधाराच्या दोन बारच्या मधून चालत ती आरशापर्यंत गेली, स्वतःकडे बघितलं आणि म्हणाली, "किती म्हातारी झाले गं मी. खालून दिसतच नव्हतं."

महिन्याने तपासायला आली ती वॉकर घेऊन, स्वतःच्या पायांवर. मी विचारलं, "खुर्ची वापरता ना?"

"येकटी," ती म्हणाली. आणि जेवण? तर शबाना मध्येच म्हणाली, "आता रात्री दोन भाकरी खाते! परवडंना आम्हाला!"

ही गोष्ट इथे संपवली तर तुम्हाला बरं वाटेल. म्हणून पुढचंही सांगते.

डॉ. लाडांनी सांगितल्यावर पाठकसाहेबांना नियम बदलावा लागला. त्यांनी नवा फॉर्म छापून घेतला. 'कमोड अथवा कमोड-चेअर असल्याचा पुरावा जोडावा. कमोड-चेअरच्या बाबतीत दुकानाची पावती आवश्यक.' म्हणजे सळईने भोक पाडलेली खुर्ची परत बाहेर. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन विचारलं, "सळईची पावती कोण देतं हो?" ते म्हणाले, "मॅडम, कुठेतरी रेघ मारावी लागते." रेघ कुठे मारायची ते ठरवताना त्यांनी एकदाही खुर्चीवरून उठून बाहेर ओपीडीत बघितलं नाही. मग पावत्या यायला लागल्या. एकाच दुकानाच्या, एकाच अक्षरातल्या. पाठकसाहेब त्यांवर शिक्का मारायचे.

दुसऱ्या गुडघ्यासाठी जैनबीला परत फॉर्म भरावा लागला. एक गुडघा झालेला, आता चालते, म्हणून मार्क कमी. पावती नाही, म्हणून नाव कट. या वेळी मी तीन गुरुवार भांडले आणि तिचं नाव परत चढवलं, पण खाली. त्या नावापर्यंत लिस्ट यायच्या आत देणगीदाराने हात आखडता घेतला आणि कॅम्प बंद पडले. लिस्टवर उरलेल्या माणसांना कुणी कळवलंसुद्धा नाही. ती माणसं पुढे बरेच महिने शनिवारी सकाळी एसटीने येत राहिली आणि गेटवरचा वॉचमन त्यांना परत पाठवत राहिला.

निखिल, तू म्हणालास ते चूक नाही. ज्याला जास्त गरज त्याचा नंबर आधी, यापेक्षा चांगला नियम मला माहीत नाही. फक्त गरज मोजायला माणसाच्या घरी जावं लागतं, आणि जाणारं माणूस सहसा लिस्ट बनवणाऱ्या खोलीत नसतं. जिथे फॉर्म भरणाऱ्याचं घर फॉर्म बनवणाऱ्याच्या घरासारखं नसतं, तिथे तो फॉर्म आधी गरिबाला खोटं बोलायला शिकवतो, आणि जो शिकत नाही त्याला कापतो.

माझं ऑपरेशन मी गुरुवारी ठेवलं आहे. राग आला म्हणून गुडघा दुखायचा थांबत नाही.

पाठकसाहेब वारले. हॉस्पिटल दुसऱ्यांनी घेतलं. जैनबी विंचूरलाच आहे. तिचा उजवा गुडघा अजून चांगला आहे. डावा जुनाच आहे.

तुमची,
आजी